डबा खरा, आतलं तेल खोटं: नकली मालाविरुद्ध कोणतं तंत्रज्ञान घ्यावं?

प्रश्न: आम्ही इंजिन ऑइल आणि ग्रीस बनवणारी मध्यम आकाराची कंपनी आहोत. आमच्या नावाचे नकली डबे गॅरेजांमध्ये सापडू लागले आहेत. तंत्रज्ञान विकणारे लोक होलोग्राम, क्यूआर कोड, एनएफसी चिप, ब्लॉकचेन, एआय असं सगळंच पुढे ठेवतात. यातलं नक्की काय घ्यावं? ब्लॉकचेन खरंच लागतं का? आणि या विक्रेत्यांना पारखायचं कसं?

उत्तर:

काहीही विकत घेण्याआधी बाजारातून नकली डबे जमवा. पाच-सहा नाही, वेगवेगळ्या भागांतले पंधरा-वीस तरी. ते अस्सल डब्याशेजारी ठेवा आणि १० पटीचं साधं भिंग घेऊन बसा.

आधी लेबल बघा. तुमच्या ब्रँडचा मुख्य रंग बहुधा खास मिसळलेल्या शाईने सलग छापलेला असेल. नकली लेबलवर तोच रंग नेहमीच्या चार शायांच्या ठिपक्यांतून जुळवलेला असतो. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, भिंगाखाली ठिपक्यांची नक्षी लगेच दिसते. मग बॅच नंबर. तुमच्याकडे तो डबा भरल्यावर लाइनवर इंकजेटने पडतो, त्यामुळे प्रत्येक डब्यावर जरा इकडेतिकडे सरकलेला असतो. नकली डब्यांवर तो लेबलच्या छपाईतच आलेला असतो, म्हणून सगळ्या डब्यांवर एकच बॅच, केसभरही न हललेली. शेवटी झाकण उघडून फॉइलचं सील बघा. काही डबे असे निघतील की लेबल अस्सल, डबा अस्सल, बॅच नंबरही अस्सल, फक्त फॉइलच्या कडेला दुसऱ्यांदा चिकटवल्याच्या खुणा. म्हणजे तुमचाच रिकामा डबा कुणीतरी पुन्हा भरलाय.

हा खटाटोप एवढ्यासाठी की ‘नकली’ या एका शब्दाखाली तीन-चार वेगळे धंदे चालतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. कुणी लेबल नव्याने छापतो. कुणी रिकामे डबे भंगारातून उचलून भरतो. कधी तुमचाच लेबल छापणारा किंवा डबे बनवणारा पुरवठादार ऑर्डरपेक्षा जास्त माल काढतो आणि जास्तीचा मागच्या दाराने विकतो. कधी माल शंभर टक्के तुमचाच असतो, फक्त एका भागासाठी सवलतीत दिलेला माल दुसऱ्या भागात विकला जातो. शेवटचं प्रकरण नकलीचं नाहीच, पण वितरक त्याची तक्रार ‘डुप्लिकेट आलाय’ अशीच करतात. पहिल्या प्रकाराला उत्तम छपाई आणि कोड पुरतात. दुसऱ्यासाठी तेवढं पुरत नाही, कारण तिथे लेबल खरंच असतं. तिसऱ्यात तर होलोग्रामचा रोलसुद्धा त्याच दाराने बाहेर जाऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोड, चिप, होलोग्राम यातलं काहीही मालाची खात्री देत नाही. ते खात्री देतात लेबलची. लेबल आणि माल यांची गाठ किती पक्की, तेवढीच त्या खात्रीची किंमत. औषधांच्या जगात याचं ठळक उदाहरण आहे. गिलियड या औषध कंपनीने २०२२ च्या सुरुवातीला जाहीर केलं की तिच्या एचआयव्हीवरच्या औषधांच्या ८५ हजारांहून अधिक संशयित बाटल्या अमेरिकेतल्या औषध-दुकानांपर्यंत पोहोचल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच बाटल्या कंपनीच्याच होत्या. काहींच्या आत मात्र भलत्याच गोळ्या होत्या, आणि सोबत माल कुठून कुठे गेला हे सांगणारे खोटे कागद जोडलेले होते. बाटली तपासणाऱ्याला बाटली खरी दिसली, कागद तपासणाऱ्याला कागद.

म्हणून तुमच्यासारख्या द्रवपदार्थ विकणाऱ्याने पहिला खर्च झाकणावर करावा. उघडल्यावर तुटणारं आणि पुन्हा न बसणारं झाकण, कंपनीचं चिन्ह दाबून उमटवलेलं फॉइल, आणि कोड अशा जागी की सील तोडल्याशिवाय दिसणारच नाही. यात दाखवण्यासारखी चमकधमक काही नाही, म्हणून विक्रेते याबद्दल फारसं बोलत नाहीत.

त्यानंतर येतो प्रत्येक डब्याला वेगळा नंबर, म्हणजे सिरियलायझेशन. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने वाहनांच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी काढला. तो मुळात भराभर वाचला जावा म्हणून बनवला, नकल होऊ नये म्हणून नाही. सगळ्या डब्यांवर एकच क्यूआर छापून ‘स्कॅन करा, खात्री करा’ असं लिहिणाऱ्या कंपन्या आजही आहेत. त्याचा फायदा फक्त नकल करणाऱ्याला होतो, त्याचं लेबल आणखी खरं वाटतं. तुमचा उद्योग तेलकट हातांचा आहे, तेव्हा क्यूआरचा एक गुण मात्र कामाचा: सगळ्यात वरची त्रुटी-दुरुस्तीची पातळी वापरली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो.

नंबर क्रमाने देऊ नका. ०००१, ०००२ असे दिले तर एक डबा विकत घेणाऱ्याला पुढचे हजार नंबर फुकट मिळाले. ३० अक्षर-अंकांमधून १० जागांचा यादृच्छिक नंबर बनवला तर सुमारे ५९० लाख कोटी शक्यता होतात. त्यातले १ कोटी तुम्ही वापरले, तरी अंदाजाने मारलेला नंबर खरा निघण्याची शक्यता जवळपास ६ कोटींत एक. सारख्या दिसणाऱ्या खुणा, म्हणजे शून्य आणि ओ, एक आणि आय, आधीच वगळा. झाकणाखालचा बारीक नंबर कुणीतरी हाताने टाइप करणारच आहे. युरोपीय संघाच्या औषध नियमांतही हीच अट आहे: नंबर ओळखता येण्याची शक्यता नगण्य हवी, कोणत्याही परिस्थितीत १० हजारांत एकापेक्षा कमी.

नकल करणारा मग अंदाज मारत बसणार नाही, खरे नंबर उचलेल. इथे सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा राहतो: स्कॅन किती होतात? गणित करून बघा. त्याने तुमचा एकच नंबर हजारो डब्यांवर छापला, तर १०० पैकी २ जणांनी स्कॅन केलं तरी तो लवकर उघडा पडतो, कारण एकच नंबर ठिकठिकाणांहून येऊ लागतो. पण त्याने १० हजार खरे नंबर मिळवले आणि प्रत्येक एकदाच वापरला तर? तेव्हा अस्सल आणि नकली, दोन्ही डबे स्कॅन झाले तरच दुहेरी नोंद दिसेल. स्कॅनचं प्रमाण २ टक्के असेल तर हे १० हजार जोड्यांपैकी फक्त ४ जोड्यांत घडेल. तेच प्रमाण ३० टक्के असेल तर ९०० जोड्यांत. स्कॅन १५ पट वाढले, पकड सव्वादोनशे पट वाढली. विक्रेत्याच्या सादरीकरणात हे गणित मला अजून दिसलेलं नाही. तिथे कोड किती सुरक्षित आहे यावरच सगळा वेळ जातो.

म्हणून मी तंत्रज्ञान कोणतं, हे विचारण्याआधी विचारतो: स्कॅन कोण करणार, कधी, आणि त्याला त्यातून काय मिळणार? ग्राहक कर्तव्य म्हणून स्कॅन करेल, या आशेवर उभारलेल्या बहुतेक योजना पहिल्या काही महिन्यांतच गारद होतात. जिथे यश आलंय तिथे स्कॅन कुणाच्या तरी कामाचा भाग आहे. युरोपीय संघात ९ फेब्रुवारी २०१९ पासून बहुतेक देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाच्या खोक्यावर वेगळा नंबर आणि छेडछाड दाखवणारं सील बंधनकारक झालं. तिथे रुग्णाला काहीच करावं लागत नाही. औषध देताना फार्मासिस्ट स्कॅन करतो आणि तो नंबर यंत्रणेतून बाद होतो. तोच नंबर पुन्हा आला तर घंटा वाजते. अ‍ॅमेझॉनच्या ट्रान्स्परन्सी योजनेतही प्रत्येक नगावरचा कोड गोदामातून माल निघण्याआधीच तपासला जातो. घानात २००७ मध्ये सुरू झालेल्या एमपेडिग्री या सेवेने दुसरी वाट धरली. औषधाच्या खोक्यावरचा पट्टा खरवडायचा, आतला आकडा एसएमएसने पाठवायचा, खरं-खोटं उत्तर एसएमएसनेच येतं. तिथे ग्राहकाला खरोखर भीती होती आणि साध्या फोनवर काम होत होतं, म्हणून लोकांनी ते केलं.

तुमच्याकडे फार्मासिस्ट नाही, पण मेकॅनिक आहे. तो दिवसभर डबे उघडतो. झाकणाखालच्या कोडवर त्याला गुण किंवा पैसे मिळाले तर स्कॅनचं प्रमाण कुठल्याही जाहिरातीने वाढणार नाही इतकं वाढतं. बक्षीस योजना आणि पडताळणी या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी म्हणून ठेवू नका, एकच कोड दोन्हीला वापरा. मग सील फोडणारा माणूस आपोआप तो नंबर बाद करतो, आणि रिकामा डबा पुन्हा भरला तर आत खरा, न वापरलेला कोड ठेवणं अवघड होतं. ‘हा कोड आधीच वापरलाय’ असं दिसल्यावर मेकॅनिक चिडून फोन करतो. त्याचं बक्षीस बुडालंय ना! ही चिडच तुमची सर्वात चांगली खबर. याची एक वाईट बाजूही आहे. काही दुकानदार झाकणं उघडून कोड आधीच वापरून घेतात. म्हणून फॉइलखाली कोड हवा, आणि एकाच फोनवरून एका बैठकीत डझनभर कोड आले तर बक्षीस देणं थांबायला हवं.

बाहेरच्या बाजूलाही एक कोड ठेवा, तो वितरणासाठी. खोक्याचा नंबर आणि त्यातल्या डब्यांचे नंबर पॅकिंग लाइनवरच जोडून घ्या, म्हणजे वितरकाला एक खोका स्कॅन केला की आतले सगळे कळतात. वर सांगितलेला सवलतीचा माल भलतीकडे जाण्याचा प्रकार यातूनच पकडता येतो. लाइनवर डबा बाजूला काढला, दुसरा त्या जागी ठेवला आणि नोंद बदलली नाही, असं दोन टक्के खोक्यांत झालं तरी पुढे खऱ्या मालाला खोटं ठरवलं जातं. प्रकल्पाचा अर्धा त्रास इथेच असतो, सर्व्हरवर नाही.

स्कॅननंतर पडद्यावर काय दिसावं, याला फार कमी लोक महत्त्व देतात. ‘हा माल १०० टक्के अस्सल आहे’ असं कधीही लिहू नका. तुम्हाला तेवढं माहीत नसतं. तुम्हाला एवढंच माहीत असतं की हा नंबर आम्ही दिला आणि तो पहिल्यांदाच विचारला गेला. तेच लिहा. सोबत त्या नंबरच्या मालाचं नाव, डब्याचा आकार, भरण्याची तारीख आणि झाकणाचा फोटो दाखवा. एक लिटरच्या डब्यावर पाच लिटरचा नंबर असेल तर माणसाला तो विसंवाद स्वतःच दिसतो.

मग खोट्या वेबसाइटचा डाव. नकल करणारा तुमचा कोड उचलण्याऐवजी स्वतःचा क्यूआर छापतो. तो तुमच्यासारख्याच दिसणाऱ्या पानावर जातो आणि हिरवी खूण दाखवतो. फोनचा कॅमेरा बिचारा कुठलाही पत्ता उघडतो. त्यामुळे स्कॅन शक्यतो तुमच्या अ‍ॅपमधूनच व्हायला हवा. अनोळखी पत्ता दिसला की अ‍ॅपने सरळ ‘हा कोड आमचा नाही’ असं सांगावं आणि फोटो काढायला लावावा. मेकॅनिकला बक्षीस अ‍ॅपमध्येच मिळत असल्याने तो तिथूनच स्कॅन करेल.

आता एनएफसी चिपबद्दल, म्हणजे फोन टेकवला की वाचली जाणारी बारीक चिप. स्वस्त चिपमध्ये फक्त एक ठरलेला नंबर असतो, आणि नंबर बदलता येणाऱ्या कोऱ्या चिप बाजारात मिळतात. म्हणजे ती महागडा क्यूआरच झाली. खरा फरक पडतो तो गुप्त किल्ली सांभाळणाऱ्या चिपमध्ये. एनएक्सपीची एनटॅग ४२४ डीएनए ही चिप प्रत्येक वेळी फोन टेकवला की मोजणी एकने वाढवते आणि एईएस-१२८ या कूटलेखनाच्या पद्धतीने नवा संकेत तयार करते. तुमचा सर्व्हर तो तपासतो. कुणी ती लिंक उचलून पुन्हा वापरली तर मोजणी जुनी निघते. किल्ली चिपबाहेर येत नाही, त्यामुळे नकल बनवणं फार कठीण. तिच्या एका प्रकारात बारीक तारेची वेटोळी असते, ती झाकणावरून नेली की उघडताना तुटते आणि चिप पुढे ‘उघडलेलं’ असंच सांगते. मनगटी घड्याळ, महाग दारू, शस्त्रक्रियेची साधनं यांना हे शोभतं. तुमच्या एक लिटरच्या डब्याला हा खर्च पेलणार नाही. शिवाय पत्र्याच्या डब्यावर साधी एनएफसी चालत नाही, धातूपासून वेगळं ठेवणारा फेराइटचा थर लागतो. मोठ्या पिंपांवर मात्र विचार करा.

होलोग्राम पूर्ण निरुपयोगी नाही, पण सामान्य माणूस चमक बघतो, चित्र बघत नाही. थोडी वेगळी चमकही त्याला चालते. त्यापेक्षा मला कॉपी ओळखणारी छपाई जास्त उपयोगाची वाटते. क्यूआरच्या शेजारी इतक्या बारीक ठिपक्यांचा चौकोन छापतात की स्कॅन करून पुन्हा छापला की ठिपक्यांची धार जाते. अ‍ॅप त्या धारेवरून मूळ छपाई की नकल हे ठरवतं. खर्च फक्त छपाईचा. अडचणी दोन. छपाईचा दर्जा तुमच्याकडेच डगमगला तर अस्सल माल नकली ठरतो. आणि न्यूरल नेटवर्क (एआयचाच एक प्रकार) वापरून स्कॅनवरून मूळ नक्षीचा बराच नेमका अंदाज बांधता येतो, हे संशोधकांनी दाखवून दिलंय. तेव्हा दोन-तीन वर्षांनी बदलायची गोष्ट म्हणूनच ती घ्या. कागदाच्या धाग्यांची नैसर्गिक मांडणी हाच ठसा मानायची कल्पना याहून देखणी. भौतिकशास्त्रज्ञ रसेल काउबर्न आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात लेझरने कागद आणि पॅकिंगचा असा ठसा घेता येतो हे मांडलं. फक्त प्रत्येक डबा लाइनवर नोंदवावा लागतो आणि तपासणीला नेमकं उपकरण लागतं.

तुमच्या मालासाठी एक गोष्ट विक्रेत्यांच्या यादीत सापडणार नाही: तेलाचीच परीक्षा. नकली तेल बरेचदा वापरलेलं तेल गाळून, रंग देऊन भरलेलं असतं, किंवा नुसतं पायाचं तेल (बेस ऑइल), त्यात मिसळायची पूरक द्रव्यं (अ‍ॅडिटिव्ह) जवळपास नाहीतच. प्रयोगशाळेत ४० आणि १०० अंश सेल्सियसला दाटपणा मोजला, झिंक, फॉस्फरस, कॅल्शियमचं प्रमाण काढलं आणि अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपट जुळवला की फार वाद उरत नाही. न्यायालयात उभं राहायचं असेल तर हा पुरावा स्कॅनच्या नोंदीपेक्षा जड. जागेवर तपासायचं असेल तर तेलात अत्यल्प प्रमाणात खूण म्हणून मार्कर मिसळतात. युरोपात करसवलतीचं डिझेल ओळखण्यासाठी २००२ पासून सॉल्व्हंट यलो १२४ हे पिवळं रंगद्रव्य वापरलं गेलं. चोरांनी ते काढून टाकायच्या युक्त्याही शोधल्या, पण तुमची गरज उलटी आहे. तुमच्या तेलातून मार्कर काढून कुणाला काही मिळत नाही. तो नकली तेलात घालता येऊ नये, एवढंच हवं. म्हणून मार्कर कोणता, हे लाइनवरच्या सगळ्यांना कळू देऊ नका.

ब्लॉकचेन, म्हणजे अनेकांकडे एकाच वेळी असलेली सामाईक नोंदवही, लागतं का? तुम्हाला नाही. ते एवढंच करतं की एकदा झालेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येत नाही. नोंद करतानाच खोटी केली तर ती कायमची खोटी राहते. आणि तुमची नोंद कोण बदलणार आहे? तुमचाच सर्व्हर, तुमचाच माल. चांगला डेटाबेस, डिजिटल स्वाक्षरी आणि कुणी काय बदललं याची नोंदवही एवढं पुरे. एकमेकांवर विश्वास नसलेल्या अनेक कंपन्यांना एकच वही वापरायची असेल तेव्हा ब्लॉकचेनला अर्थ येतो. एलव्हीएमएच, प्राडा आणि कार्टिए या महागड्या चैनीच्या वस्तू विकणाऱ्या कंपन्यांनी २०२१ मध्ये ऑरा हा समूह याच विचाराने उभा केला. पण एकत्र येणंच सगळ्यात कठीण असतं. मर्स्क आणि आयबीएमचं ट्रेडलेन्स हे जहाज-वाहतुकीसाठीचं मोठं ब्लॉकचेन व्यासपीठ उद्योगातल्या सगळ्यांची साथ मिळाली नाही म्हणून २०२३ च्या सुरुवातीला बंद झालं.

एआयचा उपयोग तुम्हाला दोन ठिकाणी होईल. ऑनलाइन विक्रीच्या पानांवरून तुमच्या लेबलचे फोटो आणि संशयास्पद स्वस्त दर शोधायला, आणि स्कॅनच्या नोंदीतली विचित्र वागणूक हेरायला. फोटोवरून ‘हा डबा नकली’ असा निकाल मात्र यंत्रावर सोपवू नका. त्याने बघितलेल्या नकला जुन्या असतात, नकल करणारा लेबल बदलून मोकळा होतो.

नकली माल सापडल्यावर काय करणार, हे आधी ठरवा. २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर (संगणकाला ती चिप चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) विंडोज अपडेटमधून आला आणि तो नकली चिपचा ओळख क्रमांक शून्य करू लागला. यंत्रं बंद पडली. भुर्दंड पडला तो चिप खोटी आहे हे माहीतही नसलेल्या ग्राहकांना. संताप इतका झाला की कंपनीला ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. तुमच्या मेकॅनिकला ‘तुम्ही नकली माल वापरताय’ असा संदेश गेला तर तो पुन्हा स्कॅन करणार नाही. ‘या डब्याबद्दल शंका आहे, कुठून घेतला ते सांगा, बदली डबा आम्ही देतो’ असं म्हणा. डबा ताब्यात घेताना फोटो, तारीख, सही आणि सीलबंद पिशवी हवीच, नाहीतर पुढे वकिलाच्या हातात काही उरत नाही.

विक्रेते पारखताना आयएसओ २२३८३ हे २०२० चं मानक समोर ठेवा. खऱ्या-खोट्याची तपासणी करणारी यंत्रणा कशी निवडावी आणि तिची कामगिरी कशी मोजावी, याचीच ती मार्गदर्शिका आहे. प्रत्येकाला तुमच्या जमवलेल्या नकली डब्यांपैकी काही आणि काही अस्सल, पण मळलेले, ओरखडे पडलेले डबे द्या. किती नकली सुटले यासोबत किती अस्सल डबे नकली ठरवले, हेही लिहून घ्या. दुसरा आकडा सांगायला जो टाळाटाळ करतो त्याला तिथेच नमस्कार करा. चाचणी कमी उजेडात, स्वस्त फोनवर, हाताला ग्रीस असताना घ्या. कोड कोण तयार करतं आणि छापखान्याला किती कोड जातात, वाया गेलेल्या लेबलांचा हिशोब कोण ठेवतं, हे विचारा. आणि करारात स्पष्ट लिहून घ्या की कोडचा पत्ता तुमच्या डोमेनचाच असेल आणि स्कॅनच्या सगळ्या नोंदी तुमच्या मालकीच्या राहतील. विक्रेता बदलायची वेळ आली तेव्हा ज्यांच्या डब्यांवर त्याच्याच डोमेनचा पत्ता छापलेला होता, त्यांना बाजारातला सगळा माल संपेपर्यंत त्याचंच बिल भरत राहावं लागलंय.